असं का बरं? : गटाराला सडक्या अंड्यांचा वास

दोस्तांनो, सांडपाणी उतारावरून आपोआप वाहतं. पण चढ आला, की ते पंपानं पाइपातून ढकलावं लागतं. हा पाइप गच्च भरलेला. आत हवेला जागाच नाही! मग हवेवाचून जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. पाइप जिथं मॅनहोलमध्ये रिकामा होतो, तिथं हा वायू उसळून बाहेर येतो. तोच तो सडक्या अंड्यांचा वास! म्हणून इंजिनिअर पाणी पाइपात फार वेळ साचू देत नाहीत. कधी आत ऑक्सिजनही सोडतात.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हा वायू फार वाढला, की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं मुळीच नाही! मॅनहोलमध्ये चेंडू पडला, तर खुशाल जाऊ द्या. चेंडू दुसरा मिळेल!