दुखणें पानावर, उणीव जमिनींत

कपाशीवर लाल्या पडला म्हणजे नवशिका शेतकरी पानांवर कीटकनाशक फवारूं लागतो. जाणता मनुष्य आधीं जमिनीकडे पाहतो; मॅग्नेशियमची उणीव असतां फवारणीचा उपयोग तो काय? हा विवेक आपण स्वतःच्या देहाविषयीं मात्र दाखवीत नाहीं.

आमच्या शिवाराशेजारीं एक केळीबागायतदार आहेत. शिंदखेड्याकडे पाऊस दगा देतो, तसा रावेर-यावलकडे वारा. वैशाखांत यांची उभी बाग आडवी झाली. पुढें सहा महिने डोकें दुखतें, छातींत धडधडतें, झोंप येत नाहीं, अशा तक्रारी घेऊन ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायऱ्या झिजवीत होते. दर खेपेस सुई व शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. मनाची विचारपूस कोणीं केली नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. कारण तें सांगणें म्हणजे वेड लागल्याची कबुली, अशी आपली समजूत. वस्तुतः चिंता व उदासीनता हे आजार असून बहुधा ते अंगदुखीचाच वेष घेऊन दवाखान्यांत येतात.

यास दर केंद्रांत मनोविकारतज्ज्ञच हवा असें नाहीं. गोव्यांत 'संगत' संस्थेनें डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखालीं २४ दवाखान्यांत, निम्मे सरकारी व निम्मे खाजगी, प्रयोग केला. थोडें शिक्षण दिलेल्या समुपदेशकांनीं रुग्णांशीं बोलावें, आजार समजावून द्यावा, जरूर तेथें डॉक्टरांनीं औषध द्यावें, इतकीच रीत. २०१० मध्यें 'लॅन्सेट'मध्यें निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनीं शेंकडा ६५.९ रुग्ण बरे झाले. ही सोय नसलेल्या सरकारी केंद्रांत ४२.५. खाजगीकडे असा फरक दिसला नाहीं. ज्या दवाखान्यास आपण नाक मुरडतों, तेथेंच गुण आला!

सरकारचा २०१५ चा प्रेरणा प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं निघाला. जळगांव-धुळें त्यांत नव्हते. जणूं तापीकांठीं कर्ज नाहींच.

समुपदेशनानें कर्ज फिटत नाहीं, हा आक्षेप खरा आहे, व विम्याची मागणी आपण सोडूं नये. परंतु रात्र रात्र जागलेला मनुष्य पंचनाम्याचे कागद तरी कसे करणार? तेव्हां संघाच्या तालुका शाखांनीं वैद्यकीय अधिकाऱ्यांस भेटून आग्रह धरावा कीं, जुनाट तक्रारीच्या प्रत्येक रुग्णास दोन प्रश्न विचारावे : गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न राहिलें काय? नेहमींच्या कामांतील गोडी गेली काय? १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर २०२२ पासून मराठींतही बोलतां येतें. आणि घरीं असा मनुष्य असल्यास कीटकनाशकाचे डबे कुलुपांत ठेवून किल्ली दुसऱ्यानें बाळगावी.

आमचे शेजारी दिवाळीनंतर जळगांवीं तज्ज्ञाकडे गेले. आतां ते पुन्हां बागेंत जाऊं लागले आहेत. पहाटे तीनला मात्र अजून जाग येते, म्हणतात.