आपण नेमकं कुणाला हसलो?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही एक सिनेमा पाहिला. दर बैठकीत कायदा, अर्ज, मोर्चा, हिशेब यांतून डोकं वर निघत नाही. एकदा तरी नुसतं हसू या, असा तरुण मुलींचा आग्रह होता. त्यांनी आणला ‘स्पाय’, 2015 सालचा अमेरिकन सिनेमा. मारामारी, गाड्यांचा पाठलाग, चोरीला गेलेला अणुबॉम्ब आणि वर भरपूर विनोद. मुख्य भूमिकेत मेलिसा मॅकार्थी ही विनोदी नटी. इंग्रजी समजणारी एक मैत्रीण मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत होती. सिनेमा दोन तासांचा, आमचे साडेतीन तास गेले. नंतर जी चर्चा झाली ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, म्हणून हा लेख.

आधी गोष्ट थोडक्यात. सुझन कूपर ही चाळिशीची, अंगानं जाड, एकटी राहणारी बाई. आधी शिक्षिका होती, आता सीआयएच्या तळघरातल्या कार्यालयात बसते. तिथं वटवाघळं उडतात. तिचं काम एका देखण्या गुप्तहेराच्या कानात बोलायचं: डावीकडं वळ, मागं दोघं आहेत, आता खाली वाक. तो सूटबूट घालून जगभर पराक्रम गाजवतो, आणि प्रत्येक पराक्रमामागं हिचे डोळे आणि हिचं डोकं असतं. पुढं तो मारला गेल्याची बातमी येते, बाकी सगळ्या हेरांची नावं शत्रूला कळलेली असतात, म्हणून जिला कुणीच ओळखत नाही अशी सुझन स्वतःहून कामगिरीवर निघते.

हे तळघर पाहताच आमच्यातली अंगणवाडी सेविका म्हणाली, “थांबवा जरा. हे तर आमचंच ऑफिस.” वजनं हिनं घ्यायची, नोंदी हिनं करायच्या, घरोघरी हिनं फिरायचं आणि हारतुऱ्यांच्या वेळी फोटोत दुसरंच कुणीतरी. सुझननं प्रशिक्षणात उत्तम कामगिरी केलेली असते. मग ती मैदानात का उतरली नाही? तर त्या देखण्या हेरानंच तिला पटवलेलं असतं की तू माझ्या कानातच बरी, आपली जोडी छान जमते. आणि ती खूश होऊन बसून राहते. नवऱ्याच्या पदवीसाठी, भावाच्या धंद्यासाठी, पक्षातल्या कुणा साहेबांच्या भाषणासाठी अशा किती सुझन तळघरात बसल्यात, याची यादी तिथल्या तिथं सुरू झाली. सिनेमा थांबला तो थांबलाच.

बदल्यात सुझनला मिळतं काय? तो एकदा तिला महागड्या हॉटेलात जेवायला नेतो आणि छोटी डबी पुढं करतो. तिला वाटतं अंगठी. निघतो एक बेढब लोलक, केकच्या आकाराचा! ती तो मुकाट्यानं गळ्यात घालते. शेवटी हेलिकॉप्टरला लटकताना खलनायक नेमका तोच लोलक धरून ठेवतो आणि सुझन साखळीची कडी काढून टाकते. तो खाली तळ्यात. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. नंतर तोच देखणा हेर जिवंत परत येतो, जेवायला चल म्हणतो, आणि सुझन मैत्रिणीबरोबरची संध्याकाळ निवडते. टाळ्या पुन्हा पडल्या.

विनोदाच्या जागीही दिग्दर्शक पॉल फीग यांनी डोकं चालवलंय. पुरुष हेरांना चकचकीत हत्यारं मिळतात. सुझनला मिळतात मूळव्याधीचे ओले रुमाल, पोट साफ होण्याच्या गोळ्या आणि पायाच्या नखांवरच्या बुरशीचा फवारा. हत्यारं यांतच लपवलेली. खोटी ओळख मिळते तीही कधी घटस्फोटित गृहिणीची, कधी मांजरांच्या संगतीत राहणाऱ्या एकट्या बाईची. चाळिशीच्या जाड बाईबद्दल कचेरीला एवढंच सुचतं. या ठिकाणी हसू सुझनचं होत नाही, कचेरीचं होतं. जेसन स्टेथम या मारधाडीच्या नटानं आपल्या पराक्रमांच्या थापा मारणारा आणि प्रत्येक काम बिघडवणारा हेर झकास केलाय. ‘असे आमच्या समितीत तिघं आहेत’ ही प्रतिक्रिया कुणाची ते सांगत नाही.

हिंदी सिनेमातली नर्गिस फाक्री यात मारेकरीण आहे. तिची आणि सुझनची बुडापेस्टमधल्या एका स्वयंपाकघरात जोरदार मारामारी होते. हाताला लागेल ते भांडं हत्यार होतं. घरकाम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला हा भाग सगळ्यात आवडला. “तवा कुठं मारायचा ते आम्हाला शिकवायला नको,” म्हणाली. निवृत्त शिक्षिकेला मात्र सुझनच्या तोंडची भाषा आवडली नाही. पुढं ती रक्षक असल्याचं सोंग घेते तेव्हा धडाधड शिव्या देते. बाईनं पुरुषासारखं घाण बोलणं ही कसली मुक्ती, असा त्यांचा सवाल. तरुण मुली म्हणाल्या, चाळीस वर्षं गोड बोलून तिला तळघर मिळालं, आता तोंड सुटलं तर एवढं काय? आमची दुभाषी मैत्रीण शिव्या गाळत होती, तर “त्याही सांग” अशी मागणी झाली. सांगताना ती अडखळली, कारण मराठीत तोडीस तोड शिवी शोधावी तर बहुतेक आई-बहिणीवरच येते. रागावलेल्या बाईला स्वतःची शिवीसुद्धा नाही! या मुद्द्यावर वेगळी बैठक घ्यायची ठरलंय.

आता मूळ मुद्दा. जाड बाईला हसणं आपल्याला नवं नाही. उमादेवी या गायिकेनं 1947 सालच्या ‘दर्द’मध्ये गायलेलं गाणं देशभर गाजलं. पुढं 1950 सालच्या ‘बाबुल’पासून त्या पडद्यावर आल्या आणि ‘टुनटुन’ झाल्या. गायिकेचं नाव पुसलं गेलं, आणि टुनटुन हे शाळेतल्या जाड मुलीला चिडवायचं नाव झालं. आपल्यातल्या कित्येकींनी ते ऐकलंय. काहींनी दुसरीला म्हटलंही असेल.

मॅकार्थीचं अमेरिकेत फार वेगळं झालं नाही. 2011 सालच्या ‘ब्राइड्समेड्स’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा पाच-सहा नामवंत डिझायनरांनी तिचा पोशाख करायला नकार दिला, असं तिनंच नंतर सांगितलं. 2013 साली ‘आयडेंटिटी थीफ’ आला, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका ज्येष्ठ समीक्षकानं अभिनय बाजूला ठेवून तिला ट्रॅक्टरची आणि पाणघोड्याची उपमा दिली. त्याच वर्षीच्या ‘द हीट’ या पोलीस-विनोदपटाच्या इंग्लंडमधल्या पोस्टरवर तिचा चेहरा बारीक करून छापला गेला. प्रेक्षकांनी मात्र हे मनावर घेतलं नाही. ‘द हीट’नं जगभरात सुमारे 23 कोटी डॉलर मिळवले. ‘स्पाय’ला साडेसहा कोटी डॉलर खर्च आला आणि त्यानं साडेतेवीस कोटी मिळवले. ‘नायिका जाड असली तर सिनेमा बघणार कोण?’ हा प्रश्न निर्मात्यांच्या कचेरीतला होता, तिकिटाच्या खिडकीवरचा नव्हता.

पण ‘प्रेक्षकांचं मत’ हेही सरळ प्रकरण नाही. याच दिग्दर्शकाचा, मॅकार्थी आणि आणखी तिघींना घेऊन केलेला ‘घोस्टबस्टर्स’ 2016 साली यायचा होता. पुरुषांच्या जुन्या सिनेमात बायका घातल्या म्हणून त्याच्या नुसत्या झलकेवर लाखो नापसंतीचे शिक्के पडले, सिनेमा कुणी पाहिलाही नव्हता. चौघींतली कृष्णवर्णीय नटी लेस्ली जोन्स हिला ट्विटरवर इतक्या गलिच्छ वंशवादी शिव्या दिल्या गेल्या की तिनं काही काळ ते सोडलं. ज्याचा आवाज मोठा त्याचं मत मोजलं जातं. म्हणूनच एका खोलीत सतरंजीवर बसलेल्या बावीस बायकांचं मत लिहून ठेवणं मला गरजेचं वाटलं.

त्या मताला एक गाठ आहे. ‘स्पाय’मध्ये आल्दो नावाचा इटालियन हेर आहे. सुझनच्या मदतीला आलेला. तो सुझनच्या अंगचटीला येतो, गाडीत, चालताना, जमेल तेव्हा, जमेल तिथं हात लावतो, अचकट बोलतो. ती झिडकारते, तो पुन्हा येतो. सिनेमाभर हा विनोद चालू राहतो. खोली हसत होती. मीही हसले.

दिवे लागल्यावर यावर बोलणं निघालं. कॉलेजातल्या मुलींचं म्हणणं, “अहो ताई, यात टिंगल आल्दोची आहे. जुन्या हेरपटात नायक बायकांच्या गळ्यात पडतो आणि आपण त्याला मर्दानी म्हणतो. इथं तोच प्रकार ओंगळ दिसतो.” मुद्दा चुकीचा नाही. मग एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात काम करणारी आमची मैत्रीण बोलली. ती क्वचितच बोलते. तिनं वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. समितीसमोर ती उभी राहिली तेव्हा कुणीतरी तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हटलं, “तुला? तुला कोण कशाला हात लावेल?” तीही अंगानं जाड आहे. ती म्हणाली, “तिथंही लोक हसले होते. आज मीसुद्धा हसले. घरी जाऊन मला याचा त्रास होणार आहे.”

खोली गप्प झाली. तिच्या बोलण्यानं मला जे दिसलं ते असं. आल्दोचा विनोद उभाच कशावर आहे? असल्या बाईच्या मागं कुणी एवढं लागेल ही कल्पनाच हास्यास्पद, यावर. सुझनऐवजी तिथं शिडशिडीत, तरुण नटी ठेवून बघा, प्रसंग लगेच छळाचा दिसू लागतो. म्हणजे जाड बाईला होणारा स्पर्श गंमत, आणि सुंदर बाईला होणारा गुन्हा. हाच तर्क तक्रार निवारणाच्या खोलीत बसलेला असतो. आणि न्यायालयातही तो बसलेला आपण पाहिलाय. भंवरीदेवीवर 1992 साली सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली जयपूरच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, आणि उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला असं करणार नाहीत हा तर्क त्या निकालात होता. तिला कोण हात लावेल? तिथं प्रश्न जातीचा होता, इथं वजनाचा, कुठं वयाचा, कुठं अपंगत्वाचा. भंवरीच्या लढ्यातून 1997 साली विशाखा मार्गदर्शक सूत्रं आली, 2013 साली कायदा आला. कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की तक्रार करणारी बाई बघणाऱ्याला आकर्षक वाटली पाहिजे. समितीवर बसणाऱ्यांच्या डोक्यात मात्र ते लिहिलेलं असतं, आणि ते तिथं अशा शेकडो हसण्यांमधून जातं.

एका विनोदाला एवढा मोठा दोष? तुम्हा बायकांना विनोद कळत नाही, हे आपण आयुष्यभर ऐकलंय. अश्लील पोस्टरांना काळं फासणाऱ्या माझ्या पिढीनं तर फारच. म्हणून सांगते, मी हा सिनेमा बंद करा म्हणत नाही. बाकी दोन तास त्यानं जे केलं ते आपल्या बाजूचं आहे. तळघरातल्या बाईला त्यानं वर आणलं, तिचा अपमान करणारी कचेरी उघडी पाडली, दोन बायकांची मैत्री पुरुषाच्या आमंत्रणापेक्षा वरची ठरवली. म्हणूनच आल्दो जास्त खुपतो. पट्टीच्या मारेकऱ्यांना लोळवणारी सुझन त्याच्यापुढं नुसती हात झटकते. तिनं त्याला एकदा तरी तव्यानं हाणलं असतं, तर विनोदही झाला असता आणि हसणारे कुणाच्या बाजूचे तेही कळलं असतं. लेखक-दिग्दर्शकाला तिथं तवा सुचला नाही. 2017 साली ‘मी टू’ म्हणत जगभरच्या बायका बोलल्या त्याच्या दोन वर्षं आधीचा हा सिनेमा. आज पुन्हा पाहताना ती दोन वर्षं जाणवतात.

आमच्या गटात एकमत झालं नाही. मुली अजूनही म्हणतात की ताई फार ताणतात. शिक्षिकाबाई म्हणतात की शिव्यांचा मुद्दा मी गुंडाळला. कारखान्यातली मैत्रीण म्हणाली, तिच्या समितीतल्या सगळ्यांना हा सिनेमा दाखवायचा, आणि आल्दो आला की दिवे लावून विचारायचं, आत्ता कशाला हसलात? आम्ही ते करून बघणार आहोत. प्रशिक्षणात कायद्याची कलमं वाचून दाखवताना अर्धी समिती पेंगते. इथं निदान जागी तरी राहील.

तुमच्या गटातही हा किंवा दुसरा एखादा विनोदी सिनेमा लावून बघा. हसताना स्वतःला अडवू नका. नंतर मात्र गोल करून बसा आणि कोण कुठं हसलं ते प्रामाणिकपणे सांगा. जी हसली नाही तिला आधी बोलू द्या. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.