आधी परवाना दाखवा!

शेतकरी भावांनो,

मृग तोंडावर आला की बियाण्यासाठी आपण सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. तो सातबारा मागतो, खरेदीखतावर सही मागतो. आपण त्याला काय मागतो? काहीच नाही!

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. केली तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा सावकाराला वसुलीचा हुकूमनामा कोर्ट देत नाही. शेतकऱ्याला व्याज किती? त्याच वर्षी सरकारने कमाल दर ठरवला : तारणावर सालाना ९ टक्के, बिनतारणी १२. गावात चालतो तो शेकडा पाच, तोही महिन्याला. वर्षाचे साठ झाले!

पण आम्ही स्पष्ट सांगतो, परवान्याने पैसा स्वस्त होत नाही. या दराने कोरडवाहू कपाशी-ज्वारीवर पैसा लावायला कोण येईल? परवानेवाला शहरात सोने तारण घेऊन बसतो. शिवारात उरतो तो बिनपरवान्याचा. बँक वेळेवर कर्ज देत नाही तोवर त्याचे दुकान चालणारच.

म्हणून सहीआधी परवाना पाहा, दिलेल्या पैशाची पावती घ्या. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करा. गेल्या १५ वर्षांतल्या व्यवहाराचीही चौकशी होऊ शकते, आणि सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळू शकते.

तो सातबारा मागतो ना? आपण परवाना मागू.