देखरेखीमागे दंड हवा

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जण प्राणांस मुकले. त्या हल्ल्याच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या ताजमहाल हॉटेलात २८ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघ सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीने बैठक घेतली व मृतांना श्रद्धांजली वाहिली. २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावातून जन्मलेली ही समिती राष्ट्रांनी दहशतवादाची आर्थिक रसद तोडली की नाही, हे तपासते. कुचराई करणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार मात्र तिला नाही. त्याच सप्टेंबरात हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एक असलेल्या साजिद मीरला निर्बंधांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने रोखला होता.

याउलट ‘एफएटीएफ’ या वित्तीय कृती दलाने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकले आणि त्या दबावाखालीच २०२० मध्ये तेथील न्यायालयाने हाफिज सईदला शिक्षा ठोठावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये, मुंबईच्या बैठकीच्या आठवडाभर आधी, तो फासही सैल झाला!

नामपूरहून कामानिमित्त मुंबईस निघालेल्या सामान्य माणसाचे रक्षण श्रद्धांजलीने होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणा अमेरिकेतून भारतात आला, तो भारताने वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या पाठपुराव्यामुळे. जगाचे सहकार्य अवश्य घ्यावे. पण त्याला धार आणावी लागते ती स्वतःच्याच निर्धाराने.