बदलायचे कोणी?

भद्रावतीच्या बसस्थानकासमोर सध्या फलकांची गर्दी झाली आहे. कालपरवापर्यंत तेथे पोलीस भरतीच्या आणि नीटच्या शिकवण्या झळकत असत. आता त्यांच्या शेजारी 'एआय शिका, नाहीतर मागे पडाल' अशा अर्थाची मोठमोठी अक्षरे दिसू लागली आहेत. रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात चार पालक एकत्र आले, की बोलणे ह्याच विषयावर येते. मुलाला कोठे घालावे? फी किती? हप्ते करून देतात का? आणि ज्याचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे असा कोणी तेथे असला, तर तो बजावून सांगतो, 'जो बदलेल तोच टिकेल.'

हे वाक्य आता इतके सर्वतोमुखी झाले आहे, की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. आम्हांला मात्र ती वाटते. शिकू नका, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. आमचा आक्षेप ह्या वाक्यात दडलेल्या आरोपावर आहे. जो बदलेल तो टिकेल, ह्याचा दुसरा अर्थ असा, की जो टिकला नाही तो बदलला नाही. म्हणजे दोष त्याचाच. ह्या गावात राहून हा आरोप ऐकून घेणे आम्हांला जड जाते, कारण आमच्या गावाने बदलण्यात कधीच कसूर केलेली नाही.

आमचे आजोबा-पणजोबा ज्वारी, कापूस आणि धानाच्या शेतांवर राबत. मग माजरी परिसरात कोळशाच्या खाणी आल्या. नांगर धरणारे हात घमेले आणि फावडे धरू लागले, आणि सूर्याच्या कलाने जगणारी माणसे भोंग्याच्या तालावर तीन पाळ्यांत जगू लागली. साठच्या दशकात आयुध निर्माणी आली, तेव्हा ह्याच घरांतील मुले आयटीआयमध्ये जाऊन फिटर, टर्नर, वेल्डर झाली. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, जमिनीच्या बदल्यात नोकरी हा शब्द रूढ झाला. बापाने शेत दिले, मुलाने हेल्मेट घेतले. ह्याहून मोठा बदल एका पिढीने आणखी कोणता करावयाचा?

आणि त्यानंतर काय झाले? भूमिगत खाणींच्या जागी उघड्या खाणी आल्या. जेथे शेकडो लोडर टोपल्या भरत, तेथे एक शॉव्हेल आणि काही डंपर पुरू लागले. सबंध कोल इंडियाचे आकडे पाहावेत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिच्याकडे सहा लाखांहून अधिक कामगार होते. आज ती संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. ह्याच काळात उत्पादन मात्र सुमारे चौपट होऊन २०२४-२५ साली ७८ कोटी टनांवर गेले. यंत्राने टोपली काढून घेतली ह्याचे आम्हांला दुःख नाही. ती टोपली कोणाच्याही पाठीवर असू नये, असेच आम्ही म्हणू. पण टोपली गेली तेव्हा टोपली वाहणाऱ्याच्या मुलाचे काय झाले? त्यातील पुष्कळ जण त्याच खाणीवर कंत्राटदाराकडे डंपर चालवतात. काम तेच, धोका तोच; बापाची पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना मात्र मुलाला त्याच मापाने मिळाला नाही. बदलला तर तोही होता.

दुसरी आठवण त्याहून बोचरी आहे. १९९०च्या दशकात निप्पॉन डेन्रो इस्पातच्या वीज प्रकल्पासाठी ह्या तालुक्यातील शेकडो हेक्टर जमीन संपादित झाली. केंद्र सरकारने ज्या थोड्या खासगी वीज प्रकल्पांना 'जलदगती' असे नाव दिले होते, त्यांत भद्रावतीचाही समावेश होता. त्या वेळीही सांगितले गेले, की आता शेतीचा नाद सोडा, काळ बदलतो आहे. लोकांनी सोडला. प्रकल्पात कामी येईल म्हणून मुलांना इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करावयास लावला. प्रकल्प आलाच नाही. जमीन दशकानुदशके पडून राहिली, तिच्यावर बाभळी उगवल्या, आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला जपून ठेवणारी पिढी भरतीची वयोमर्यादा ओलांडून गेली. येणाऱ्या भविष्यासाठी स्वतःला बदलून घ्या, असे सांगणाऱ्याला हे गाव म्हणूनच विचारते, की ते भविष्य खरेच येणार आहे काय, आणि न आल्यास नुकसान कोण भरून देणार आहे?

टंकलेखनाची कथा तर घराघरांतली आहे. मराठी ३० आणि इंग्रजी ४०चे प्रमाणपत्र म्हणजे कारकुनीचा परवाना, असा एक काळ होता. दुपारच्या वेळी टायपिंगच्या वर्गांतून येणारा तो टकटकाट तालुक्याच्या प्रत्येक गावाने ऐकला आहे. गोदरेजने २००९ साली टंकयंत्रे बनवणे थांबवले. परीक्षा संगणकावर गेली. २००१-०२च्या सुमारास एमएस-सीआयटी आली आणि तिच्यावाचून सरकारी अर्जच भरता येईना. मुलींनी तीही केली. आज जे पत्र, जो तक्ता, जे भाषांतर तयार करण्यासाठी आमची मुलगी वर्षभर फी भरून शिकली, ते कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत करून देते. आता तिला सांगतात, चौथे प्रमाणपत्र घ्या. आमच्या परिचयातील एका निवृत्त कामगाराने आपल्या निधीतील मोठी रक्कम अशाच एका अभ्यासक्रमासाठी मोजली. तीन महिन्यांनंतर मुलाच्या हाती आले ते एक रंगीत प्रमाणपत्र आणि फुकट मिळणारी साधने कशी उघडावीत ह्याची माहिती. त्या बापाला मागासलेला म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. तो तर काळाच्या पुढे धावावयास निघाला होता.

बरे, जे खरोखर पुढे धावले त्यांची तरी खात्री आहे काय? २०२५च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या देशातील अग्रगण्य कंपनीने आपल्या मनुष्यबळातील सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोकांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतील माणसे मुख्यत्वे होती. कंपनीने कारण कौशल्यांच्या विसंगतीचे दिले, कृत्रिम बुद्धिमत्तेचे नव्हे. कारण कोणतेही असो. ज्यांनी आयुष्यभर संगणकाबरोबर स्वतःला बदलले, त्यांनाही अर्ध्या वयात 'तुमचे कौशल्य जुळत नाही' असे ऐकावे लागते. तेव्हा 'बदला आणि टिका' हे सूत्र निसर्गनियमासारखे सांगणे थांबवावे, इतकीच आमची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. ही यंत्रे आकाशातून पडलेली नाहीत. माणसांनी लिहिलेले, बोललेले, रेखाटलेले वाचून-ऐकूनच ती शहाणी झाली. २०२०च्या सुमारास संशोधकांच्या एका उपक्रमात महाराष्ट्रातील ग्रामीण आणि शहरी अल्प उत्पन्न गटातील माणसांनी मोबाईलवर मराठी वाक्ये वाचून शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण करून दिले. त्या कामाचा त्यांना मोबदला मिळाला, हे योग्यच झाले. पण जगभर ज्या असंख्य लेखकांचे, अनुवादकांचे, चित्रकारांचे श्रम ह्या यंत्रांच्या पोटात गेले, त्यांतील बहुतेकांना कोणी विचारलेही नाही. ज्यांच्या कष्टावर यंत्र उभे राहिले, त्यांनाच 'यंत्र आले, आता तुम्ही बाजूला व्हा' म्हणणे न्यायाचे आहे काय?

ह्यावर कोणी म्हणेल, की हे यंत्रविरोधी रडगाणे झाले. तसे ते नाही. ह्याच भद्रावतीत १९५५ साली कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला. कुंभाराचा धंदा बुडतो आहे, त्याने दुसरे काही शोधावे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी चाक सुधारले, भट्टी सुधारली, चिनी मातीचे काम शिकवले. तंत्र नवे होते, पण ते कुंभाराच्या हातात राहिले, हे महत्त्वाचे. ताडोबाच्या कडेच्या गावात वाघ येत असल्याची सूचना देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसवले गेले. मोहफुले वेचावयास जाणाऱ्या बाईचा जीव त्यांनी वाचत असेल, तर त्या यंत्राला आम्ही हात जोडू. यंत्र कोणते, हा प्रश्नच दुय्यम आहे. ते कोणाच्या हाती आहे आणि त्याचा लाभ कोणाच्या घरी जातो, हा मूळ प्रश्न आहे.

बदल कसा करावा ह्याचेही दाखले आहेत. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला, हे खरे. पण १९८३ साली दोन्ही पक्षांनी यंत्रीकरणाचा करार केला. यंत्र आले, पण ते वाटाघाटीच्या मेजावरून आले. उलट २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या आणि आमची चांदा निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली, तेव्हा कामगारांच्या संपाच्या इशाऱ्याला उत्तर मिळाले ते संपबंदीच्या अध्यादेशाने. दोन्ही प्रसंगी कामगार बदलालाच सामोरा जात होता. एकदा त्याला विचारले गेले, एकदा नाही. एवढ्या एका फरकात माणसाची सारी प्रतिष्ठा सामावलेली असते.

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. १८९१ साली तेराव्या लिओ पोपमहोदयांनी 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक काढले, ते गिरण्यांच्या युगातील श्रमिकांसाठी. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले आणि दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे त्याचे कारण सांगताना त्या परिपत्रकाची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने श्रमिकांपुढे उभ्या केलेल्या आव्हानाची सांगड घातली. आमच्या उपदेशांत मात्र तरुणांना सहसा रुपयांचा दाखला ऐकवला जातो: मिळालेले पुरून ठेवू नका, वाढवा. तो दाखला खराच आहे. पण त्याच संत मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचाही दाखला आहे. दिवस कलेपर्यंत चौकात उभी असलेली माणसे आळशी नव्हती. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. धन्याने त्यांना कौशल्याचे प्रमाणपत्र विचारले नाही. कामाला घेतले आणि दिवसाची भाकरी दिली.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. तरुणांनो, शिका, पण आधी एखादे काम मुळापासून शिका. ज्याला विजेची जोडणी, रुग्णाची शुश्रूषा, हिशेब किंवा चांगले मराठी लिहिणे खरोखर येते, त्याच्याच हाती हे यंत्र नोकर होऊन राहते. ज्याला काहीच येत नाही, त्याला ते चूक सांगते आहे हेही कळत नाही. पालकांनो, निधी मोडण्यापूर्वी विचारा, की मागच्या वर्षी येथून शिकलेली दहा मुले आज कोठे आहेत. उत्तर न मिळाल्यास घरी परत या. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातून सहा दिवस कुलूपबंद असते. तेथे चार संगणक आणि एक जाणता शिक्षक संध्याकाळी दोन तास बसला, तर ही फुकटची साधने फुकट शिकवता येतील. आणि कारखानदार, कंत्राटदार व सरकार ह्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून विचारावयाचे आहे: यंत्र आणणार आहात, तर किती आधी सांगाल? नवे शिकवण्याचा खर्च कोण करील? शिकत असताना घर कशावर चालेल?

ही उत्तरे ज्या दिवशी मिळतील, त्या दिवशी बसस्थानकासमोरचा तो फलक आम्ही स्वतः उभे राहून वाचू. तोपर्यंत भांदक स्टेशनवर बॅग घेऊन पुण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोराला कोणी 'तू बदलला नाहीस' असे म्हणू नये. तीन पिढ्या हे गाव बदलतेच आहे. आता ज्यांची पाळी आहे त्यांनी बदलावे.