विषाआधी रंगीत पाणी

हेदवीच्या डोंगरउतारावरील हापूसच्या उंच झाडांवर औषध फवारताना नळीचे तोंड वर धरावे लागते. त्यामुळे औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तो धडा आंबा बागायतदारांनीही घेणे अगत्याचे आहे.

सुरक्षिततेचे नियम वाचून पाठ होतात. अंगवळणी पडतात ते सरावानेच. म्हणूनच वैमानिकास प्रथम नकली विमानकक्षात शिकवितात. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांसही असा आभासी सराव मिळावा. वारा फिरला, नळी फुटली, असे प्रसंग संगणकाच्या पडद्यावर निर्धोकपणे उभे करता येतात. त्यास खर्च आहे हे खरे. परंतु पंपात रंगीत पाणी भरून व पांढरे कपडे घालून फवारणी केल्यास विष कोठे लागले असते हे डागच दाखवितात. त्यास खर्च नाममात्र येतो.

विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावी येतात, तेव्हा बागेतील गड्यांकडूनही त्यांनी हाच सराव करून घ्यावा. वाऱ्याची दिशा, हातमोजे व मुखपट्टी यांची सवय जडल्यावरच औषधाची बाटली उघडणे इष्ट होय.