सल्ल्याची घाई

"नुसतं ऐकून काय होतं? अडचण घेऊन आलेल्याला वाट दाखवायची, की समोर बसून मान डोलवायची?" वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळींत एक जुनेजाणते गृहस्थ हा सवाल वारंवार करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शांतपणे ऐकून घेणं ही गोऱ्यांची थेरं, आपल्या माणसाला रोखठोक उपाय लागतो, या देशात ज्यानं उमर काढली त्यानं सांगावं, नवख्यानं करावं, आणि फारच झालं तर डॉक्टर आहेतच. बोलणं ठसक्याचं आहे, त्यामुळे माना डोलतात. मला ते चुकीचंच नव्हे, घातक वाटतं.

उपाय सांगायला आधी दुखणं कळावं लागतं. गेल्या हिवाळ्यात कॅशिओबरी पार्कात आम्ही काही जणी मुलांना घेऊन गेलो होतो. त्यातली एक नवी बाळंतीण म्हणाली, "रात्री झोपच होत नाही हो काकू." झालं! हळद घालून दूध घे. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. बाळाला वरचं दूध सुरू कर. ती प्रत्येकीला "हो काकू" म्हणत गेली आणि मग गप्प झाली. बाकीच्या जणी मुलांना बदकं दाखवायला कालव्याकडे वळल्या. मागे राहिलेल्या एकीनं बाबागाडी हलवत एवढंच विचारलं, "रात्री जागी असतेस तेव्हा काय चाललेलं असतं गं?" बराच वेळ उत्तर आलं नाही. तिनंही घाई केली नाही. मग कळलं की वडिलांचं मिरजेला डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, सकाळी आठला. म्हणजे हिवाळ्यात इथले रात्रीचे अडीच. आई एकटी घाबरते, म्हणून ही चारेक तास फोनवर तिच्या सोबतीला असते. ती जाणूनबुजून जागत होती, आणि आम्ही तिला फोन लांब ठेवायला सांगत होतो.

हे आमच्या गृहस्थांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचा उपाय तयार होता: "मग सरळ जाऊन यावं चार दिवस." तिच्या नवऱ्याचा आणि तिचा व्हिसा वाढवण्याचा अर्ज गृहखात्याकडे पडून होता. निकालाआधी देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. तिला तो नियम पाठ होता. ब्रिटिश पासपोर्ट खिशात असलेल्याला तो आठवायचं कारण नव्हतं. पण आठवत नाही तर विचारावं तरी! "जायला काय अडतंय?" हे विचारायला किती वेळ लागला असता?

आणि असा सल्ला नुसता वाया जात नाही, तो तोंड बंद करतो. ज्यानं दुःख सांगितलं त्यालाच आता आपण सांगितलेलं का केलं नाही याचा जबाब द्यावा लागतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा "कशी आहेस?" याला "मस्त!" एवढंच उत्तर मिळतं. कोविडच्या वेळी हाच वाद झाला होता. कुणाचे वडील पुण्यात गेले, विमानं बंद. तो माणूस मंडळींच्या ग्रुपवर दोन ओळी लिहितो आणि खाली काढ्याच्या कृती आणि "सकारात्मक राहा". ग्रुपवर रडगाणी नकोत, असाही आग्रह तेव्हा धरला गेला. ज्यांनी तो धरला त्यांना अजून त्यात काही चुकलं असं वाटत नाही, याचा मला राग आहे.

राहिले दोन मुद्दे. ऐकणं गोऱ्यांचं? जात्यावर समोरासमोर बसून एकीनं ओवीत सासरचं सांगायचं आणि दुसरीनं खुंट्याला हात लावून ऐकायचं, हे मावळात कुणी बाहेरून आणलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. डॉक्टर आहेतच? 1953 साली लंडनमध्ये चॅड वारा या पाद्र्यानं आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. वारांना भेटायला थांबलेल्यांना चहा देणारे, बोलू देणारे साधे स्वयंसेवक होते. त्यांच्याशी बोलूनच कितीतरी लोकांचं मन इतकं हलकं व्हायचं, की वारांना भेटण्याची गरजच उरायची नाही. पुढच्याच वर्षी वारांनी ऐकण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. तीच समॅरिटन्स ही संस्था.

मग करायचं काय? फार काही नाही. फोन पालथा ठेवावा. "माझ्याही बाबतीत असंच झालं" हे वाक्य गिळावं. "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" असं सरळ विचारावं. कळलेलं दुसऱ्या घरी नेऊ नये. आपल्या एवढ्याशा गोतावळ्यात हे सगळ्यात अवघड. आणि पुढच्या आठवड्यात आपणहून विचारपूस करावी. त्या मुलीला शेवटी हवं होतं ते तिनंच सांगितलं: डायलिसिसच्या रात्रीनंतर सकाळी कुणीतरी बाळाला दोन तास सांभाळावं. ते जमवलं. आणि कुणी जगणं नको झाल्याचं बोललं, तर मात्र एकट्यानं ऐकत बसू नये. स्पष्ट विचारावं, त्याच्यापाशी थांबावं आणि 116 123 लावून द्यावा. समॅरिटन्सचा तो फोन दिवसरात्र चालू असतो आणि पैसे पडत नाहीत. जीव तातडीनं धोक्यात असेल तर 999.